सही करण्याआधी

दाभोळचं नाव देशभर गेलं ते एका वीज कंपनीमुळे. तिचा प्रकल्प मात्र दाभोळात नव्हताच. तो वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. वीजखरेदीचा करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये. राज्य सरकारनं १९९५ साली तो रद्द केला तेव्हा तंटा गेला लंडनच्या लवादापुढे. जमीन गेली होती ती इथल्या माणसांची. खाडीच्या दोन्ही काठांवर किती जणांना ‘लवाद’ म्हणजे काय हे सांगता आलं असतं? शाळेत कायदा कुणी शिकवलाच नव्हता.

आता तो शिकता येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा बारावीच्या पातळीवरचा कायद्याची ओळख करून देणारा विषय आहे, क्रमांक ३३८. कायदा म्हणजे काय इथपासून न्यायालयांची उतरंड, राज्यघटना, सगळं त्यात येतं. पुस्तकं संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. रत्नागिरीच्या लॉ कॉलेजात जायला आधी बारावी पास व्हावं लागतं. हा विषय त्याआधीच दाभोळच्या मुलीच्या मोबाइलवर येऊ शकतो.

‘‘वकील व्हायचंय काय तुला?’’ घरातून पहिला प्रश्न हाच येईल. भूगोल शिकणाऱ्या पोराला आपण तांडेल होणार का असं विचारत नाही. कायद्यालाच तेवढी ही अट का?

कारण कोकणात कायदा कोर्टात कमी आणि घरातल्या ट्रंकेत जास्त असतो. सामायिक सातबारा, फेरफार, कुळाची जुनी नोंद, आणि हक्कसोडपत्र. गणपतीला मुंबईकर भाऊ येतात, बहिणी माहेरी जमतात, आरती आटोपते आणि कागद पुढे सरकतो. ‘‘ताई, इथे सही कर गो.’’ ताई सही करते, कारण माहेर तुटू नये. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाएवढाच हक्क दिला. ताईला हिस्सा सोडायचा असेल तर तिनं जरूर सोडावा, तो तिचा अधिकार आहे. पण काय सोडतोय, किती गुंठे, कुठल्या गटातले, आणि हा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, हे कळून सोडावा. घरात अकरावीची एक भाची हे शिकलेली असली, तर कागद आधी मोठ्यानं वाचला जाईल. मला या विषयातून एवढंच हवं आहे, आणि ते थोडं नाही.

दुसरं उदाहरण याहून कडू. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा करा, नातलगाला कळवा, हे नियम ठाण्यात लावा. सहा महिनेही झाले नव्हते. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस अंजनवेलजवळच्या वेलदूरच्या कोळी वस्तीत शिरले. त्या वीजप्रकल्पाला विरोध करणाऱ्या बायकांना मारहाण झाली, अटका झाल्या. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी ते अहवालात नोंदवलं. निकाल दिल्लीत होता, वस्तीत पोचला नव्हता. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असला तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची, हे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं ते २००५ च्या दुरुस्तीनं. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ आहे. पलीकडच्या काठावरच्या प्रत्येक मुलीला ते पाठ असायला हवं.

तरी नुसत्या मोबाइलवर हे होणार नाही, असं माझं मत आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. जुनी चित्रफीत पाहून शिकलेलं पोर चुकीचं कलम सांगेल आणि ठाण्यातून हसून परत पाठवलं जाईल. शिवाय हा धडा मराठीत हवा, आणि सातबाऱ्याच्या मराठीत. ‘विधिक प्रतिनिधित्व’ असल्या शब्दांनी ट्रंक उघडत नाही.

शंका विचारायला माणूस हवा, आणि तो शोधायला लांब जायला नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. बाईला आणि मुलाला उत्पन्न न विचारता मोफत वकील देणं त्यात लिहिलंय, आणि लोकांना कायदा समजावून सांगणं हेही त्याच यंत्रणेचं काम. तिची समिती तालुक्याच्या पातळीवर असते. आपला तालुका दापोली. महिन्यातून एक शनिवार, शाळा सुटल्यावर दोन तास, एक वकील. पोरांनी घरचे कागद घेऊन बसावं आणि त्यानं ते त्यांच्याकडून वाचून घ्यावेत. दापोलीहून दाभोळला एसटी येते.