झूम कर रे, अजून कर

सोसायटीतली सायकल चोरीला गेली की हल्ली सायकलीच्या आधी फुटेज शोधतात. सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि फुकटचे सल्लागार बारक्या पडद्यापुढे गर्दी करतात. पडद्यावर मध्यरात्र. कॅमेऱ्याच्या काचेवर बिऱ्हाड थाटलेला कोळी इन्फ्रारेडमध्ये पांढराफटक चमकतोय. त्याच्या मागून कुणीतरी सायकल घेऊन निघून जातं. डोक्याच्या जागी सहा-सात चौकोन. कोपऱ्यातली तारीख १ जानेवारी २०००. मग हुकूम सुटतो, "झूम कर रे!" चौकोन मोठे होतात. "अजून कर!" चौकोन अजून मोठे होतात. "शर्ट पांढरा आहे बघा," असं खजिनदार ठामपणे सांगतात. इन्फ्रारेडमध्ये काळा शर्टही पांढरा दिसू शकतो, हे त्यांना सांगणार कोण?

ही सगळी टीव्हीची शिकवण. 'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली, तेव्हापासून आपली खात्रीच पटली आहे की प्रयोगशाळेत एक कळ असते आणि ती दाबली की आरोपी हसतमुखाने बाहेर येतो. खऱ्या प्रयोगशाळेतलं काम त्या मानाने फारच नीरस. अंधार थोडा उजळायचा, थरथर कमी करायची, ओळीने वीस-पंचवीस फ्रेम एकावर एक ठेवून नंबरप्लेटचा एखादा आकडा हाती लागतो का बघायचं, दाराच्या चौकटीवरून माणसाची उंची काढायची. जे सेन्सरवर उमटलंच नाही ते मागाहून काढता येत नाही. त्यामुळे इमानदार तज्ज्ञाला बऱ्याचदा अहवालात एवढंच लिहावं लागतं, 'मत देता येत नाही.' या वाक्यावर कोण मालिका काढणार?

पण आता एआय आलंय, आणि त्याला 'येत नाही' हे शब्दच माहीत नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचं 'पल्स' नावाचं तंत्र गाजलं. धूसर चेहरा दिला की ते सुस्पष्ट चेहरा काढून द्यायचं. कुणीतरी बराक ओबामांचा चौकोनी झालेला फोटो त्यात घातला. बाहेर आला तो एक गोरा गृहस्थ! अगदी सुस्पष्ट, गालावरची खळी न् खळी दिसेल असा. संशोधकांची बाजूही सांगायला हवी: हे तंत्र ओळख पटवण्यासाठी नाहीच, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. पण तळटीप वाचतो कोण?

वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायाधीशांनी वाचली म्हणायची. तिथे तिहेरी खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने मोबाइलवरचा व्हिडिओ एआयने 'सुधारून' आणला. सरकारी तज्ज्ञाने मोजलं, तर मूळ चित्रापेक्षा सुमारे १६ पट पिक्सेल! मग हे वरचे पंधरा पट आले कुठून? मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो व्हिडिओ नाकारला. काय दिसायला हवं होतं हे यंत्राचं मत झालं, आणि यंत्राची उलटतपासणी घेता येत नाही.

आपल्याकडे मात्र यंत्राच्या मताला मान आहे. चेहरे ओळखणाऱ्या यंत्रात चेहरा ८० टक्क्यांच्या वर जुळला की तो जुळला असं आम्ही धरतो, असं दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहिती अधिकारात कळवलं. पुढे इतर पुरावाही बघतो, असं ते म्हणतात, म्हणजे ठीकच. तरी एक शंका राहते. दहावीत ८० टक्के पडलेल्या पोराला हव्या त्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळत नाही, कोठडीत मात्र मिळायला हरकत नाही?

बरं, चित्र चांगलं आलं तरी ते कोर्टापर्यंत धड पोहोचायला हवं. कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या डीव्हीआरमधून फाइल काढता येईना, म्हणून पडद्यासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करायचं, मागे "हा बघा, हा बघा" असं समालोचन, आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे. व्हॉट्सअ‍ॅप फाइल दाबून बसवतं. म्हणजे बिंदू बदलले आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिचा आकडी ठसाही बदलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायच्या प्रमाणपत्रात नेमका हाच ठसा लिहायचा असतो. डीव्हीआरचं घड्याळ किती पुढे-मागे आहे, तेही पंचनाम्यात यावं लागतं. नाहीतर १ जानेवारी २००० च्या चोरीचा आरोपी म्हणतो, साहेब, मी तेव्हा बालवाडीत होतो.

या प्रमाणपत्राचा कायदा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब वर पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या एका खटल्यामुळे. फौजदारी खटल्यांतही वकील त्याचाच निकाल पुढे करतात, पण मूळ भांडण निवडणुकीचं. २०१४ ला विधानसभेच्या जालना जागेवर अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, आणि त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाला, असं म्हणत पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. चित्रीकरण खुद्द निवडणूक कार्यालयातलं. कॅमेरा सरकारी, सीडी सरकारी. फक्त ही सीडी आमचीच, एवढं लिहून द्यायला सरकारी अधिकारी तयार होईनात! हायकोर्टाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला: प्रमाणपत्र हवंच, पण मागून मागून थकलेल्या माणसाला त्यासाठी दोष देता येणार नाही. निवडणूक रद्दच राहिली. तोवर ती विधानसभा मुदत संपून गेली होती, आणि २०१९ च्या निवडणुकीत जालनेकरांनी सीडी न बघताच गोरंट्याल यांना निवडून दिलं होतं.