उचलीची थंडी

"कळलं का वैनी? बाजारतळावर फड उतरलाय. काल बारामतीच्या अंगाला खेळ होता म्हणे, पहाटे ट्रक लागले."

"कुत्र्यांनी गल्ली डोक्यावर घेतली तवाच वाटलं मला. पण आक्का, तुमचा बंब सकाळपासनं धुपतोय, तो कुणासाठी?"

"त्यांच्यातल्या दोघी आल्या होत्या, पोरं कडेवर. ऊन पाणी मागत होत्या. न्हाई म्हणू का?"

"आमचे हे म्हणतात, तमाशातली बाई दारात नको."

"म्हणतात खरे! मग गेल्या साली भवानीनगरला मफलरात तोंड गुंडाळून पहिल्या रांगेत कोण बसलं होतं?"

"अगं बया, हळू बोला! गोठ्यातच हायेत."

"ऐकू द्या की. त्या पोरी सांगत होत्या, दसऱ्याला फड बाहेर पडतो, तो अक्षय तृतीयेपर्यंत फिरतच असतो. चैतात जत्रा लागल्या की बरं असतं. नारायणगावच्या राहुट्यांत गावकारभारी येतात, सुपारी ठरते, पैसा बांधलेला. पण थंडीतला हा सगळा खेळ तंबूतला, तिकिटावरचा. गर्दी झाली तर डिझेल सुटतं, न्हाई तर मालकाच्या अंगावर."

"यंदा तर गारठा असा!"

"उजनीच्या पाण्यावरनं वारं येतंय, कनातीला काय दाद देतंय? गण-गवळण होईस्तोवर माणूस बसतं. वग रंगायच्या आत निम्मी घोंगडी उठून घराकडं. हलगी शेकून घेता येती वैनी, नाचणाऱ्या पोरीला चालू खेळात शेकोटी कुठली?"

"न् झोपतात कुठं?"

"जमंल तिथं. खेळ सुटला की तंबू सोडायचा, पेट्या ट्रकात, त्यावर वाकळा टाकायच्या न् पुढचा मुक्काम. दुपारी उठून चार घास, दिवेलागणीला तोंडाला रंग."

"एवढं सोसायचं कशाला? सोडून द्यावं."

"उचल, वैनी! हंगामाआधीच घेतलेली असती. कुणी पोरीच्या लग्नाला, कुणी दवाखान्याला. फिटंपर्यंत पाय निघत न्हाई. तुमच्या उसाला बीडकडनं टोळी आलीय ना? ती बी मुकादमाची उचलच फेडतीय. कारखान्याचं धुराडं पेटलं की इकडं कोयता चालतो, तिकडं ढोलकी. हिशोब दोघांचा एकच."

"पण नाव झालं की पैसा येत असंल."

"विठाबाई नारायणगावकरांचं नाव कमी होतं का? पोटुशी असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, आत बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून परत नाचायला आल्या म्हणतात. १९५७ ला न् १९९० ला राष्ट्रपतींचा मान मिळाला. २००२ ला गेल्या, तर दवाखान्याचं बिल लोकांच्या देणगीतनं भागवावं लागलं."

"अरं देवा! न् आपण या पोरींच्या पाण्याच्या बादल्या मोजतोय."

"मोजत तुम्ही होता, मी न्हाई."

"बरं, टोमणे पुरे. आज रातीला जाऊया का? तुमची आता ओळख झालीय, चार पास मागा की."

"ओळख झालीय म्हणूनच तिकीट काढायचं. चारचौघांनी फुकट बसायचं म्हटलं तर त्यांची उचल कधी फिटायची? न् दादांना सांगून ठेवा, वग संपंपर्यंत जागचं उठायचं न्हाई."