वारा तिकडे, पंखा इकडे

मध्य प्रदेशात पवनऊर्जा आहे, आणि ती माळव्यात आहे. देवासजवळच्या जामगोद्राणीच्या टेकड्या, रतलाम, मंदसौर, उज्जैन! वारं वाहतं ते तिकडे. बालाघाटला वाहते ती वैनगंगा.

तरी आम्हा बालाघाटकरांचं योगदान कमी समजू नका. पवनचक्कीच्या जनित्राला तांबं लागतं, ते मलाजखंडला निघतं. मनोऱ्याच्या पोलादाला मँगनीज लागतं, ते भरवेलीला. म्हणजे पवनचक्कीचा कच्चा माल आमच्या पोटात. फक्त वारा तेवढा दुसऱ्याच्या दारात.

त्यात वाऱ्याचं गणितही मोठं खत्रूड. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, वेगाच्या घनाने घटून आठव्या हिश्शावर येते. ग्रामसभेत ठराव एकमताने मंजूर झाला तरी हा घन काही वर्गात उतरत नाही.

खळ्यावर जाऊन बघा. धान उफणायला सूप वर धरावं तर पान हलत नाही. म्हणून विजेचा पंखा लावतात, त्याच्यासमोर धान ओततात आणि पोचट दाणे उडवतात. वाऱ्यापासून वीज करण्याच्या गोष्टी राज्याने खुशाल कराव्यात. इथे गावोगाव विजेपासून वारा करतात. आणि ऐन उफणणीत वीज गेली, की ज्याच्या-त्याच्या तोंडी वीज कंपनीचा उद्धार.

वारा नसला तरी भातगिरण्यांमागे तुसाचे ढीग पडलेले असतात. त्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज होते, हे तंत्र जुनंच आहे. पण ढिगासमोर फीत कापली तर फोटो उठून दिसत नाही.