कोरड्या पानांचे वेडे

शहाणा माणूस मुलांचं जुनं पुस्तक रद्दीत घालतो. वेडा माणूस तेच पुस्तक पदरचे पैसे मोजून घेतो आणि पानं दुमडतील म्हणून उघडायलाही कचरतो. मी या वेड्याच्या बाजूनं उभा आहे.

या वेड्यांचा लाडका रुपर्ट हा इंग्लंडच्या चित्रकथेतला अस्वलाचा पोरगा. लाल स्वेटर, पिवळी चौकड्यांची विजार, तसाच मफलर. ८ नोव्हेंबर १९२० रोजी तो 'डेली एक्सप्रेस' या वृत्तपत्रात अवतरला. त्याला जन्म देणाऱ्या चित्रकार मेरी टूर्टेल यांची नजर अधू झाल्यावर १९३५ मध्ये आल्फ्रेड बेस्टॉल यांनी त्याला हाती घेतलं, आणि पुढच्या वर्षापासून त्याचं वार्षिक निघू लागलं. महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा जाड पुठ्ठा जाऊन कागदी वेष्टण आलं; वार्षिक मात्र थांबलं नाही.

१९४६ पासून त्यात जादूची चित्रं येऊ लागली. काळ्या रेषांवर नुसत्या पाण्याचा कुंचला फिरवायचा, की रंग आपोआप उमटत. आज संग्राहक सगळ्यात आधी हीच पानं बघतात. रंगवलेली असली तर भाव उतरतो, कोरडी असली तर चढतो. पुस्तक कोणाचं ते लिहायची चौकट रिकामी असली तर आणखी चढतो. म्हणजे मुलाचा हात जितका कमी लागला, तितका पुस्तकाचा मान मोठा. लोक याला हसतात. हसोत बापडे! रेशनच्या त्या दिवसांत एखाद्या मुलानं हातातलं पाणी आवरलं, आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी कोणीतरी परका माणूस त्याचा तो संयम पुढे चालवतो आहे. रंग कागदात आहेत, ते कधीही काढता येतील, म्हणूनच काढायचे नाहीत. एवढी निष्ठा शहाण्या माणसाला झेपायची नाही.

या वेडाचं शिखर म्हणजे १९७३ चं वार्षिक. आतल्या गोष्टींत रुपर्टचा चेहरा पांढरा असे, पण मुखपृष्ठावर बेस्टॉल तो तपकिरी रंगवत. त्या वर्षी त्यांना न विचारताच तो पांढरा करण्यात आला. त्यानंतर बेस्टॉल यांनी वार्षिकाचं मुखपृष्ठ काढलं नाही. तपकिरी चेहऱ्याच्या मोजक्याच प्रती उरल्या, आणि त्यांच्यासाठी संग्राहक हजारो पौंड टाकतात. आतला मजकूर तर तोच आहे ना, असं शहाणे विचारतात. आहे. अक्षराचाही फरक नाही. पण चित्रकाराला हवा होता तो चेहरा त्याच प्रतींवर आहे, आणि एका म्हाताऱ्या चित्रकाराचा शब्द राखायला हजारो पौंड मला जास्त वाटत नाहीत.

माझं भांडण आहे ते पुढे भाव वाढेल म्हणून या प्रती तिजोरीत कोंडणाऱ्याशी. तो हिशेबी आहे. वेड्यांच्या पंगतीत त्याला पाट मांडू नये.