बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला आणि बसण्याचा प्रश्न

जी आधी किल्ला म्हणून बांधली गेली आणि मागाहून राजवाडा झाली, अशा वास्तूत शत्रूइतकीच पाहुण्यांचीही गैरसोय होते, हे वऱ्हाडातील प्रवाशांना तापीकाठचा बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला पाहताना सविस्तर कळते. वाशिम जिल्ह्यातील इंझोरीहून निघालेल्या मंडळींना आधी कारंजा आणि मूर्तिजापूर गाठावे लागते. कारंज्यावरून धावणारी ‘शकुंतला’, म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती, आणि आता ती धावतच नसल्यामुळे तिच्या उशिराबद्दल तक्रार करण्याची सोयही उरलेली नाही. मूर्तिजापूरहून मोठ्या रेल्वेने भुसावळ आणि तेथून खांडव्याच्या दिशेने बुऱ्हाणपूर, असा हा मार्ग असून शिदोरीतील भाकर-ठेचा सहसा अकोल्यापलीकडे टिकत नाही.

खानदेशच्या फारुकी सुलतानांनी वसवलेल्या या नगरीला दौलताबादजवळच्या खुलताबादेत चिरविश्रांती घेणाऱ्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव मिळाले. नदीकडून उंच दिसणारा किल्लाही मुळात फारुकींचाच. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला, तेव्हा खानदेशाबरोबर हा किल्लाही मोगलांकडे गेला आणि दख्खनच्या मोहिमांवर आलेल्या शाहजाद्यांचे बिऱ्हाड तेथे पडू लागले. बिऱ्हाड शाही असल्याने दिवाण-ए-आम, म्हणजे सर्वसामान्यांच्या गाऱ्हाण्यांचा दरबार, दिवाण-ए-खास, म्हणजे निवडक लोकांची बैठक, आणि हमाम, म्हणजे स्नानगृह, अशी भर पडत गेली. तट मात्र तटच राहिले. आज पुष्कळसा भाग पडला आहे, आणि दरबाराच्या जागी उभे राहून दरबार कोठे होता असे विचारणारे प्रवासी दररोज आढळतात.

त्यांनी स्वतःला कमनशिबी समजू नये. इंग्लंडचा राजा जेम्स याचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये बुऱ्हाणपुरात आला, तेव्हा उतरण्यासाठी त्याला विटांच्या भिंतीतील ज्या खोल्या मिळाल्या त्या त्याला भट्ट्यांएवढ्याच वाटल्या, आणि त्याने आपल्या तंबूत राहणे पसंत केले. जहांगीराचा मुलगा परवेझ त्या वेळी येथे सुभ्याचा कारभार पाहत होता. त्याच्या दरबारात जमिनीला डोके टेकवावे, ही सूचना रोने आपण चाकर नसल्याचे सांगून फेटाळली. मग त्याने खुर्ची मागितली, तर या जागी आजवर कोणीही बसलेले नाही, असे उत्तर मिळाले. मेहेरबानी म्हणून चांदी मढवलेल्या खांबाला टेकून उभे राहण्याची परवानगी मात्र मिळाली, आणि आजच्या प्रवाशाला खांबही साधा दगडी मिळतो हे लक्षात घेता ती मेहेरबानी लहान म्हणता येणार नाही. पुढे खासगी भेटीचे आमंत्रण आले. परंतु रोनेच नजराण्यात पाठवलेल्या मद्याचा आस्वाद शाहजाद्याने भेटीपूर्वीच इतक्या मनापासून घेतला की भेट रद्द झाली. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात नजराणा इतका तत्काळ लागू पडल्याची उदाहरणे थोडी असावीत.

हमाम ही या वास्तूतील खरोखर पाहण्याजोगी जागा होय. छतावरील रंगीत नक्षी अजून बरीच शाबूत असल्याने पाहणाऱ्याची मान मागे वळते, पाय पुढे जातात आणि मागून येणाऱ्यास धक्का बसतो. त्या नक्षीतील एका आकृतीत ताजमहालाची पूर्वकल्पना दिसते, असे वाटाडे ठामपणे सांगतात, आणि ज्यांना ती दिसत नाही त्यांना थोडे डावीकडे सरकण्याचा सल्ला मिळतो. या कथेला आधार थोडा असला, तरी निमित्त मोठे आहे: शाहजहानची बेगम मुमताज महल जून 1631 मध्ये बुऱ्हाणपुरातच चौदाव्या बाळंतपणात वारली, पलीकडच्या तीरावर जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्र्यास नेण्यात आला. त्यामुळे ताजमहाल येथेच व्हायचा होता, ही हळहळ स्थानिक सौजन्याचा भाग असून ती ऐकताना मान डोलावणे इष्ट ठरते.

दफनाची ती जागा आहुखाना, म्हणजे हरणे राखण्याची शाही बाग, या नावाने ओळखली जाते. तेथे जाण्यासाठी नदी ओलांडावी लागते, आणि बुऱ्हाणपूरची काळपट, जाडजूड मावा जिलेबी अलीकडच्या तीरावर गरम मिळते. म्हणून इतिहासाबद्दल कितीही आदर असला तरी वऱ्हाडी मंडळींचे बहुमत आधी जिलेबीच्या बाजूने पडते, विशेषतः दुकानात बाकडी असल्यास.