फीत किती उरली, विचारू नका

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. अशा ठिकाणी जुन्या कागदांचा रुमाल सोडला, की दप्तर केवढे आहे ते नजरेलाच कळते.

संगणकाच्या दप्तरखान्यात एवढी चैन नाही. जुना डेटा चुंबकीय फितीवर ठेवतात आणि लिनक्सवर ती पुढेमागे करायला ‘एमटी’ ही आज्ञा असते. तिला ‘स्टेटस’ विचारा: कितवी फाइल, कितवा ब्लॉक, घनतेचा सांकेतिक आकडा, सारे सांगेल. फीत किती उरली? मौन. ‘एलटीओ’ जातीच्या फितीच्या कार्ट्रिजच्या पोटात त्यासाठी चिप असते. पण ती वाचायला दुसऱ्याच साधनाचे दार ठोठावायचे.

‘इरेज’ म्हटले की पुसणे सुरू. ‘नक्की ना?’ असे विचारायची पद्धत नाही. त्यावर कडी म्हणजे ‘ईओडी’ आणि ‘ईओएफ’. पहिली आज्ञा फीत डेटाच्या शेवटाला नेते. दुसरी आहे तिथेच फाइल संपल्याची खूण लिहिते, आणि पुढचा सगळा डेटा हाताबाहेर!

बरे, एमटी तरी एकच असावी. डेबियन लिनक्समध्ये दोन: जीएनयूची आणि ‘एमटी-एसटी’. कॉम्प्रेशन चालू-बंद करायची सोय दुसरीत आहे, पहिलीत नाही.

ड्राइव्हचे नाव ‘एसटी०’ दिले, तर काम संपताच फीत डेपोत परतणाऱ्या बससारखी आरंभाला येते, आणि पुढचा बॅकअप आधीच्याच्या डोक्यावर बसतो. ते टाळायचे तर ‘एनएसटी०’ लिहायचे. हे एमटी आपणहून सांगत नाही.