रिझर्व्हवर धुळे

आमच्या स्प्लेंडरचा पेट्रोलचा काटा फार वर्षांपूर्वी झोपला, तो उठलाच नाही. त्यामुळे टाकीत किती आहे ते कानाने ओळखायचं. गाडी दोन पायांत धरून हलवायची. ‘डुबुक’ झालं तर दोन-तीन लिटर. ‘चुळुक’ झालं तर लिटरभर. काहीच ऐकू आलं नाही तर ढकलायला माणूस शोधायचा. २ जानेवारी २०२४, मंगळवार, सकाळी आठ वाजता जळगावात गाडी ‘चुळुक’ म्हणाली.

त्याच दिवशी धुळ्याला मेव्हण्याच्या पोरीची सुपारी फुटायची होती. सोबत माझे चुलत सासरे आप्पा. सोयरीक त्यांनीच जमवलेली, म्हणजे त्यांच्याशिवाय सुपारी फुटणं अशक्य. मी म्हटलं, “आप्पा, आज एसटीने गेलेलं बरं.”

“एसटीचा काय भरवसा?” आप्पा मफलर आवळत म्हणाले. “जावईबापू, गाडी काढा. पेट्रोल काय, रस्त्यानं मिळी जाई.”

आदल्या दिवसापासून टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. आपल्याकडचं बरंचसं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतं. मुंबईहून तिथवर ते जमिनीखालच्या नळातून सुखाने येतं, पुढे मात्र टँकरशिवाय त्याला पाय नाहीत. खरं तर पंपांच्या टाक्या एका दिवसात कोरड्या पडायचं कारण नव्हतं. पण रात्री मोबाइलवर ‘उद्यापासून पेट्रोल बंद’ असा निरोप फिरला आणि ज्याला कुठेही जायचं नव्हतं तोसुद्धा सकाळी पंपावर गेला.

आमच्या पंपावर रांग रस्त्यापर्यंत होती. पुढच्या माणसाने वेळ जाईना म्हणून टाकीचं झाकण उघडून पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेली.

“मग उभे कशाला?” मी विचारलं.

“सगळे उभे शेत ना, भो,” तो म्हणाला.

यावर उत्तर नव्हतं. शिवाय तो माझ्या पुढे होता.

रांगेत तासाभरात सगळे वकील झाले. ज्यावरून टँकरवाल्यांचा हा संप होता, ते नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ प्रत्येकाला पाठ. धडक देऊन माणूस मेला आणि पोलिसांना न कळवता चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याला जुन्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं होती. पळणाऱ्याला सोडायचं का, असं एकाने विचारलं. त्यावर मोटारसायकल धरून उभा असलेला एक ट्रकड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “थांबलो तर लोक मारतात, पळालो तर दहा वर्षं. मधलं काही असलं तर सांगा.” रांग थोडा वेळ गप्प झाली. मग कोणीतरी मध्ये घुसलं आणि सगळ्यांना पुन्हा वाचा फुटली.

अडीच तासांनी नंबर लागला. दुचाकीला शंभरचंच मिळत होतं. भाव शंभरीच्या पुढे, त्यामुळे लिटरही पुरतं येईना. पोऱ्या म्हणाला, “झिरो बघा.” आप्पांनी वाकून झिरो बघितला, मग आकडे पळताना बघितले, मग नळी झटकायला लावली. नळीतून तीन थेंब पडले. आप्पांच्या चेहऱ्यावर पानेवाडी लुटल्याचं समाधान होतं.

बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा अकरा वाजून गेले होते. जळगाव ते धुळे नव्वदच्या वर किलोमीटर. गाडी दोन माणसांना घेऊन पंचेचाळीस देते, त्यातले आप्पा एकटे दीड माणसाचे. हिशेब चुकत होता, पण वाटेत पाळधी आहे, एरंडोल आहे, पारोळा आहे, अशी आशा होती. प्रत्येक पंपावर तोंडाशी दोरी बांधलेली आणि पुठ्ठ्यावर ‘पेट्रोल नाही’. एका ठिकाणी नुसतंच ‘नाही’. एरंडोलला कोणी म्हणालं, गावात आतल्या अंगाला मिळतंय. आत गेलो. तिथे आमच्यासारखेच आत आलेले चाळीस जण पेट्रोल जाळत पेट्रोल शोधत होते.

इतक्यात एक पोरगा ओरडला, “टँकर वना!” खान्देशी माणसाला टँकरमागे धावायला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमागे हंडे घेऊन केलेला सराव ऐन थंडीत कामी आला. पंधरा-वीस गाड्या टँकरमागे सुटल्या, आम्हीही सुटलो. दीड किलोमीटरवर टँकर थांबला. दुधाचा निघाला. ड्रायव्हर बिचारा घाबरून केबिनमधून उतरेना.

पारोळ्याला एका टपरीवर पाण्याच्या बाटलीत पिवळसर पेट्रोल दिसलं. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल विकायला बंदी आहे, हे मला माहीत आहे. गरज आली की नियम थोडे लांबून दिसतात. टपरीवाला दोनशे म्हणाला. आप्पा ऐंशीपासून सुरू झाले. घासाघीस एकशे साठवर आली, तेव्हा एका पोराने मागून दोनशेची नोट दिली आणि बाटली घेऊन गेला. “लुटारू!” आप्पा म्हणाले. नेमकं कोणाला, ते कळलं नाही.

पारोळा सोडल्यावर मी उतारावर गाडी न्यूट्रल करू लागलो. आप्पांनी मागून त्र्याहत्तर साल काढलं. तेव्हाही तेलाची टंचाई होती, पेट्रोलच्या भाववाढीवरून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्यावरून मला हैदराबादचा व्हिडिओ आठवतो, तो त्याच दिवशीचा, पण पुढे सगळ्यांच्या फोनवर आला. आप्पांना तो मुक्कामी पोचल्यावर दाखवला, इथे ओघात सांगतो. पंपावर रांग म्हणून तिथला एक पोरगा जेवणाचे डबे घोड्यावरून पोचवायला निघाला होता. आप्पा कळवळले. आठच दिवसांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला होता. “तठे एक पांढरा घोडा पाहेल व्हता मी,” ते म्हणाले. “चाऱ्याचा संप कोणी करतं का?”

मुकटी गेल्यावर गाडीने दोन आचके दिले. रिझर्व्ह लावला. थोडं गेल्यावर पुन्हा आचके, मग शांतता.

आता गाडीला झोपवायचं. टाकी फ्रेमच्या दोन्ही अंगांना खोगिरासारखी असते आणि कॉक एकाच बाजूला. पलीकडच्या अंगाला पावशेर पेट्रोल अडकलेलं असतं. कॉकच्या बाजूने गाडी जमिनीला लागेपर्यंत कलती करायची, मग ते उडी मारून अलीकडे येतं. मी गाडी झोपवली, उचलली, चोक ओढला, किका मारल्या. सातव्या किकेला लागली. आप्पा दगडावर बसून किका मोजत होते.

फागण्याच्या अलीकडे तीही पुंजी संपली. मागून एक पोरगा बुलेटवर आला. काही न विचारता त्याने आमच्या मागच्या पायटेकावर डावा पाय लावला आणि म्हणाला, “काका, ब्रेक मारू नका फक्त.” असे आम्ही धुळ्यात शिरलो: मी हॅण्डल धरून, आप्पा मागे वळून त्याला ‘जरा हळू’, ‘जरा जोरात’ सांगत, आणि तो एका पायावर आमचा संसार ओढत. पैसे द्यायला लागलो तर म्हणाला, “पेट्रोल असलं तर द्या.”

सुपारी फुटून गेली होती. वरण-बट्टी गार झाली होती, घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा तळ उरला होता. तिथे कळलं की चंदीगडमध्ये प्रशासनाने दुचाकीला दोन लिटरची मर्यादा घातली आहे. दोन लिटर! आम्हाला तो ऐषाराम वाटला.

रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांची वाहतूकदारांच्या संघटनेबरोबर बैठक झाली. कायदा अजून लागूच झालेला नाही, चर्चेशिवाय लागू करणार नाही, असं ठरलं आणि संप मिटला. पुढे १ जुलैला संहिता लागू झाली, दहा वर्षांचं ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवून.

मी गाडीसाठी धुळ्यात थांबलो. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने जळगावला परतले. आप्पांचं वय शहात्तर. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीटच लागत नाही.